साडेनऊ टनांचा खरा हिशेब : लढाऊ विमानांचे उपप्रकार आणि त्यांचा शस्त्रभार

मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरनंतर राफेल, स्काल्प, हॅमर, ब्रह्मोस ही नावे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या घराघरांत पोचली. कोणते विमान किती टन शस्त्रे उचलते आणि कोणाचे क्षेपणास्त्र किती लांब जाते, याचे तक्ते वृत्तवाहिन्यांनी दिवसभर दाखवले. ते पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की, ज्या विमानाची क्षमता साडेनऊ टन सांगितली जाते, त्याच्या उड्डाणाच्या छायाचित्रात पंखांखाली दोन टाक्या आणि चार-सहा क्षेपणास्त्रेच का दिसतात? आणि एकाच नावाचे विमान दोन देशांकडे असताना एकाला एखादे शस्त्र लावता येते आणि दुसऱ्याला येत नाही, हे कसे?

हा विषय खान्देशाला परका नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकांची काडतुसे तयार होतात, भुसावळलाही आयुध निर्माणी आहे, आणि धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघाले की वाटेत ओझर लागते, जिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, गेली सहा दशके लढाऊ विमाने तयार करत आहे. सैन्यदलांत मुले असलेली घरेही या भागात पुष्कळ आहेत. त्यामुळे हा हिशेब नीट समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते. तक्त्यातला टनांचा आकडा ही विमानाची कमाल मर्यादा असते. लढाईत फरक पडतो तो त्या दिवशी, त्या कामासाठी विमानाला काय लावले आणि ते लावण्यासाठी काय सोडून दिले यामुळे.

एक नाव, अनेक विमाने

एकाच मूळ आराखड्यावरून वेगवेगळ्या कामांसाठी तयार केलेल्या विमानांना उपप्रकार, इंग्रजी वळणाने व्हेरियंट, म्हणतात. राफेलचे मुख्य उपप्रकार तीन आहेत : एक आसनी, दोन आसनी आणि विमानवाहू जहाजावरून उडणारे नौदलाचे. सप्टेंबर २०१६ च्या करारानुसार भारतीय हवाई दलाने घेतलेल्या ३६ राफेलपैकी २८ एक आसनी आणि ८ दोन आसनी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी आणखी २६ विमानांचा करार झाला. त्यांतील २२ विमाने जहाजावर उतरू शकणारी आहेत आणि उरलेली ४ दोन आसनी विमाने जमिनीवरून उडणारी आहेत. नौदलाच्या विमानाची चाके आणि सांगाडा अधिक मजबूत असतो आणि शेपटीखाली, उतरताना जहाजावरच्या दोराला अडकणारा आकडा (हूक) असतो. या मजबुतीचे वजन ते विमान प्रत्येक उड्डाणात वाहते.

याहून ठळक उदाहरण एफ-३५ चे आहे. जून २०२५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे एक एफ-३५ विमान तिरुवनंतपुरमला उतरले आणि बिघाडामुळे पाच आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिले, हे अनेकांना आठवत असेल. ते एफ-३५ बी होते. ‘ए’ हा उपप्रकार नेहमीच्या धावपट्टीसाठी आहे, ‘बी’ अगदी थोड्या अंतरात उडतो आणि सरळ खाली उतरतो, तर ‘सी’ मोठ्या विमानवाहू जहाजासाठी आहे. सरळ उतरण्यासाठी ‘बी’च्या पोटात, वैमानिकाच्या पाठीमागे, एक मोठा पंखा बसवलेला आहे आणि त्या पंख्याने जी जागा घेतली ती मुख्यतः इंधनाची होती. ‘ए’मध्ये सुमारे ८.३ टन इंधन मावते, ‘बी’मध्ये सुमारे ६. ‘ए’च्या पोटातील कप्प्यात ९०० किलो वर्गाचे बॉम्ब बसतात, ‘बी’च्या कप्प्यात साधारण ४५० किलो वर्गाचे. ‘ए’च्या अंगातच तोफ आहे, ‘बी’ आणि ‘सी’ला ती हवी असेल तर पोटाखाली वेगळी टांगावी लागते. नाव एकच असले, तरी लढाईच्या नियोजनात ही तीन निराळी विमाने धरावी लागतात.

बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या विमानांतही असा फरक असतो. पाकिस्तानच्या जेएफ-१७ विमानाच्या पहिल्या दोन तुकड्या आणि तिसरी तुकडी लांबून पाहणाऱ्याला एकच वाटतील, परंतु नव्या धर्तीचा रडार तिसऱ्या तुकडीत आला आणि लांब पल्ल्याचे चिनी क्षेपणास्त्रही त्याच तुकडीला मिळाले.

ओझरला तयार झालेले मिग-२१ एफएल

उपप्रकार आणि शस्त्रभार यांचा संबंध आपल्याकडे सर्वांत स्पष्ट दिसला तो मिग-२१ मध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला या विमानाला निरोप देण्यात आला, तेव्हा सर्वत्र ‘मिग-२१’ एवढेच नाव घेतले गेले. पण भारताने एफएल, एम, बिस आणि बायसन असे त्याचे अनेक उपप्रकार वापरले आहेत. एफएल हा उपप्रकार परवान्याखाली ओझरला तयार होत असे. क्षेपणास्त्रांच्या युगात तोफेची गरज उरणार नाही, असा त्या काळी जगभर समज होता आणि एफएलच्या अंगात तोफच नव्हती. १९६५ च्या युद्धाच्या अनुभवानंतर ती उणीव भरून काढण्यासाठी त्याच्या पोटाखाली २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेची पेटी टांगण्यात आली.

या विमानाला शस्त्रे किंवा टाक्या टांगण्याच्या जागा फक्त तीन होत्या : दोन्ही पंखांखाली एकेक आणि पोटाखाली एक. पोटाखालची जागा एरवी जादा इंधनाच्या टाकीची. मिग-२१ हे मुळातच थोड्या पल्ल्याचे विमान होते, त्यामुळे तोफ लावली की टाकी गेली आणि टाकी गेली की पल्ला आणखी कमी झाला. १९७१ च्या युद्धात हा व्यवहार हवाई दलाने जाणूनबुजून केला. पोटाखालच्या त्याच तोफेने पश्चिम सीमेवर पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले, आणि पूर्वेकडे १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर याच जातीच्या विमानांनी रॉकेटांचा मारा केला. विमान तेच होते. एकदा ते शत्रूच्या विमानाशी लढायला सज्ज केले होते आणि एकदा जमिनीवरच्या इमारतीवर मारा करायला.

साडेनऊ टनांत काय काय येते?

विमानाच्या पंखांखाली आणि पोटाखाली शस्त्रे अडकवण्याच्या ठरावीक जागा असतात. त्यांना हार्डपॉइंट म्हणतात. या लेखात त्यांना ‘टांगणी’ म्हणू. हवाई दलाच्या राफेलला अशा १४ टांगण्या आहेत. प्रत्येक टांगणीची ताकद निराळी असते. पंखाच्या टोकाला शंभर-सव्वाशे किलोचे छोटे क्षेपणास्त्रच बसते, तर जड वस्तू विमानाच्या मध्याजवळच लावाव्या लागतात.

केळीच्या बागेत काम करणाऱ्याला हे चटकन समजेल. ट्रॅक्टर एकच असतो; त्याला कधी रोटाव्हेटर लागतो, कधी नांगर, कधी फवारणीचा पंप, कधी ट्रॉली. ट्रॅक्टर किती ताकदीचा आहे, हे कागदावर लिहिलेले असते; पण रोटाव्हेटर जोडलेला असताना नांगरट होत नाही, आणि मोठा ट्रॅक्टर कितीही दमदार असला तरी केळीच्या दोन ओळींमध्ये शिरायला मिनी ट्रॅक्टरच लागतो. मिनी ट्रॅक्टर हा उपप्रकार, आणि मागे जोडलेले अवजार हा त्या दिवसाचा भार.

आता राफेलचा हिशेब मांडू. रिकामे विमान सुमारे १० टनांचे असते. अंगातल्या टाक्यांत सुमारे ४.७ टन इंधन मावते. उड्डाणाच्या वेळी सगळे मिळून वजन २४.५ टनांच्या पुढे जाऊ शकत नाही. वजाबाकी केली की बाहेर टांगण्यासाठी साडेनऊ टनांच्या आसपास उरतात, आणि तक्त्यात दिसतो तो आकडा हाच. परंतु त्या साडेनऊ टनांत बाहेरच्या इंधनाच्या टाक्याही येतात, हे तक्त्यात सांगितलेले नसते. दोन-दोन हजार लिटरच्या दोन टाक्या लावल्या, तर नुसत्या इंधनाचेच सुमारे ३.२ टन झाले. जमिनीवरच्या लक्ष्यासाठी स्काल्प हे लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र लावायचे तर एकेक १,३०० किलोचे. दोन लावली की २.६ टन. वाटेत शत्रूचे विमान आडवे आले तर स्वतःच्या रक्षणासाठी हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे : दोन मिटिऑर, प्रत्येकी १९० किलो, आणि चार मायका, प्रत्येकी ११२ किलो. हे मिळून सव्वाआठशे किलो. बेरीज साडेसहा टनांच्या पुढे गेली, त्यात सर्वांत जड बाब इंधन ठरली, आणि जमिनीवर मारा करणारी शस्त्रे मात्र दोनच झाली.

छायाचित्रातील विमान ‘हलके’ वाटते ते यामुळे. त्याने भरपूर वजन उचललेले असते; आपण फक्त स्फोटके मोजत असतो.

भार लावला की विमान बदलते

वजनाइतकाच अडथळा हवेचा असतो. पंखाखाली टांगलेली प्रत्येक वस्तू वारा अडवते, म्हणून तेवढाच वेग राखायला जास्त इंधन जळते. भरलेले विमान वळतेही संथ. हलके राफेल गुरुत्वाकर्षणाच्या ९ पट ताण सहन करत वळू शकते, म्हणजे ७० किलोच्या वैमानिकाला त्या क्षणी आपले वजन ६३० किलो झाल्यासारखे जाणवते. जड बॉम्ब आणि टाक्या लावलेल्या विमानाला तसे वळण घेता येत नाही, कारण टांगलेली वस्तू आणि तिची टांगणी तो ताण सोसणार नाही. शत्रूचे क्षेपणास्त्र मागे लागले, तर वैमानिकाला आधी टाक्या आणि बॉम्ब सोडून द्यावे लागतात. ज्या कामासाठी तो निघाला होता ते काम त्या क्षणी संपते, आणि शत्रूच्या दृष्टीने विमान न पाडताही हेतू साध्य होतो.

हवामानाचाही यात वाटा असतो, आणि हा मुद्दा भुसावळच्या माणसाला अधिक पटेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. पंखांना उचल देणारी हवाच विरळ झाली की उचल घटते आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून त्याच धावपट्टीवरून त्याच विमानाला जानेवारीच्या पहाटे जेवढा भार नेता येतो, तेवढा मेच्या दुपारी नेता येत नाही. लेहसारख्या सव्वातीन हजार मीटर उंचीच्या तळावर तर हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत पावपट विरळ असते. तिथून निघणारे विमान इंधन किंवा शस्त्रे यांपैकी काहीतरी कमी घेऊनच निघते, किंवा भरपूर शस्त्रे आणि थोडे इंधन घेऊन उडते आणि नंतर हवेतच इंधन भरून घेते.

नौदलाच्या बाबतीतही असेच आहे. फ्रान्सच्या जहाजावर विमानाला वाफेच्या यंत्राने ढकलून उडवतात. आपल्या विक्रांतवर तसे यंत्र नाही. पुढे उंचावत गेलेल्या उतारावरून विमान स्वतःच्या जोरावर झेप घेते. तेच राफेल विक्रांतवरून फ्रेंच जहाजाइतका भार घेऊन उडेल, असे गृहीत धरून काढलेले आकडे त्यामुळे फसवे ठरतात.

कारगिलमध्ये काय शिकावे लागले?

शस्त्रभाराची निवड किती निर्णायक असते, हे १९९९ च्या कारगिल युद्धात जेवढे दिसले तेवढे क्वचितच दिसले असेल. २६ मे १९९९ रोजी हवाई दलाने ऑपरेशन सफेद सागर सुरू केले. मिग-२१, मिग-२३ आणि मिग-२७ विमाने रॉकेट आणि साधे बॉम्ब घेऊन डोंगरांवरील ठाण्यांवर जाऊ लागली. रॉकेट नेमके मारायचे तर जवळ जावे लागते. शिखरांवर बसलेल्या शत्रूकडे खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे होती. २७ मे रोजी एक मिग-२७ इंजिन बंद पडून कोसळले आणि एक मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले गेले. दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर आणि त्यातील चार जण गेले.

त्यानंतर विमाने क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, अधिक उंचीवरून मारा करू लागली. पण तिथे नवी अडचण उभी राहिली. बॉम्ब किती पुढे सोडावा याची गणिते मैदानी प्रदेशातील हवेसाठी केलेली होती. पाच हजार मीटर उंचीच्या विरळ हवेत बॉम्बचा मार्ग बदलतो. अरुंद कड्यावरील ठाण्यापासून थोडेसे चुकलेला बॉम्ब थेट दरीत जातो आणि ठाण्यातील सैनिकाला काहीच होत नाही.

यावर दोन दिशांनी उपाय झाला, आणि दोन्हींसाठी मिराज २००० हे विमान वापरले गेले. पहिल्यात साधेच २५० किलोचे बॉम्ब होते, पण नेम धरणारी संगणकप्रणाली चांगली होती. १७ जून रोजी बटालिक भागातील मुंथो ढालो येथील शत्रूचा मोठा रसदतळ अशाच बॉम्बनी उद्ध्वस्त झाला. दुसरा उपाय लेझरचा. विमानाखाली टांगलेल्या लायटनिंग नावाच्या पेटीतून लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरायचा आणि बॉम्बच्या नाकावर बसवलेल्या यंत्राने त्या ठिपक्याकडे झेपावायचे, अशी ही पद्धत. ती पेटी इस्रायलकडून घेतलेली होती; ती आणि बॉम्बची जोडयंत्रे मिराजवर बसवण्याचे काम युद्ध सुरू असतानाच घाईने पुरे करण्यात आले. २४ जून रोजी टायगर हिलवरील ठाण्यावर लेझर बॉम्ब पडले. त्या दिवशी हवाई दलप्रमुख ए. वाय. टिपणीस स्वतः एका मिराजमध्ये होते.

पहिल्या दिवशी आणि २४ जूनला वैमानिकांच्या धैर्यात काही फरक नव्हता. फरक पंखाखालच्या वस्तूंत होता, आणि तो फरक पडायला महिना लागला. या महिन्याचा विचार तक्ते करणाऱ्यांनी अवश्य करावा.

शस्त्र विकत घेतले की लगेच लावता येत नाही का?

येत नाही. शस्त्र आणि विमान एकमेकांशी जुळवावे लागतात, आणि ही जुळणी अनेकदा विमान विकत घेण्याइतकीच अवघड असते. क्षेपणास्त्र टांगणीवर बसले पाहिजे, हा तिचा सर्वांत सोपा भाग. विमानाच्या संगणकाने त्याला लक्ष्य सांगता आले पाहिजे, सुटताना ते पंखाला वा शेपटीला घासता कामा नये, आणि एका बाजूचे क्षेपणास्त्र सुटल्यावर दुसऱ्या बाजूच्या वजनाने विमान कलंडता कामा नये. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राशी ते सुटल्यानंतरही विमान बोलत राहते आणि लक्ष्य कुठे सरकले ते कळवत राहते. त्यासाठी दोघांची भाषा एक हवी.

याचे मोठे काम आपल्या शेजारीच, नाशिकला झाले. जमिनीवरून डागायचे ब्रह्मोस सुमारे ३ टनांचे. विमानासाठी ते हलके करून सुमारे अडीच टनांवर आणले, तरी सुखोई-३० एमकेआय या आपल्या सर्वांत मोठ्या लढाऊ विमानाला ते एकच, पोटाखाली, नेता येते. या सुखोईचे उड्डाणाचे कमाल वजन ३८.८ टन आहे, टांगण्या १२ आहेत आणि क्षमता ८ टन. ८ भागिले अडीच म्हणजे तीन, असा हिशेब कोणी करील. पण एवढे लांब आणि जड क्षेपणास्त्र सोसेल अशी एकच जागा आहे आणि तीही सांगाडा मजबूत केल्यावर मिळाली. बदल केलेले विमान नाशिकहून २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस घेऊन प्रथम उडाले. प्रत्यक्ष डागण्याची पहिली चाचणी २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर झाली. जानेवारी २०२० मध्ये तंजावरला या विमानांचे पथक उभे राहिले. आधीच वापरात असलेले विमान आणि आधीच वापरात असलेले क्षेपणास्त्र एकत्र आणायला एवढी वर्षे गेली. बदल न केलेल्या सुखोईला ब्रह्मोस लावता येत नाही, म्हणजे जुळणीतून एक नवा उपप्रकारच जन्माला आला.

मिटिऑर भारतात फक्त राफेलवर आहे. सुखोईसाठी आणि तेजस या स्वदेशी लढाऊ विमानासाठी आपण अस्त्र हे स्वतःचे क्षेपणास्त्र तयार केले, त्याचे एक मोठे कारण हेच आहे : ज्याच्या हाती क्षेपणास्त्राचे आणि विमानाचे आतले ज्ञान असते, त्याला जुळणीसाठी परदेशी कंपनीची परवानगी मागावी लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून तेजस मार्क १ ए चे पहिले उड्डाण झाले. त्याचा नवा रडार, शत्रूच्या रडारला गोंधळात टाकणारी यंत्रणा आणि त्याला जोडायची शस्त्रे यांवर त्याची लढाऊ किंमत ठरेल.

सगळी कामे एकाच विमानाला का देत नाहीत?

कारण मघाशी पाहिलेला हिशेब. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटसाठी ग्वाल्हेरहून बारा मिराज निघाल्याचे वृत्त आले, तेव्हा बारा विमानांनी मिळून इतके थोडे बॉम्ब का टाकले, असे विचारले गेले. त्यांपैकी काही विमानांनी स्पाइस २००० हे बॉम्ब नेले होते. सुमारे ९०० किलोच्या बॉम्बला जोडलेले हे यंत्र साठवलेले चित्र आणि समोरचे दृश्य ताडून लक्ष्य ओळखते आणि पंखांच्या आधारे ६० किलोमीटरपर्यंत तरंगत जाते. असा बॉम्ब नेणारे मिराज हवाई झुंजीला फारसे उपयोगी राहत नाही. म्हणून बाकीची विमाने हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे घेऊन त्यांच्या संरक्षणाला असतात, आणखी काही विमाने शत्रूचे लक्ष दुसरीकडे वेधतात, एखादे रडारचे विमान मागे राहून आकाशावर नजर ठेवते आणि इंधन पुरवणारे विमान तयार असते. विमानांची संख्या आणि टाकलेल्या बॉम्बांची संख्या यांची थेट तुलना म्हणूनच करता येत नाही.

ज्याचे क्षेपणास्त्र लांब जाते, तोच जिंकतो ना?

पल्ल्याला महत्त्व आहेच, पण छापलेला आकडा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला असतो. बहुतेक क्षेपणास्त्रांचे इंजिन काही सेकंदच जळते. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर होतो. डागणारे विमान खूप उंच आणि वेगात असेल आणि लक्ष्य समोरून येत असेल, तर आकडा गाठता येतो. लक्ष्याने पाठ फिरवून पळ काढला, तर तोच पल्ला निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. मिटिऑरचे इंजिन हवा ओढून घेत बराच वेळ जळत राहते, म्हणून शेवटच्या टप्प्यातही त्याच्यात जोर शिल्लक असतो. निर्यातीच्या चिनी पीएल-१५ चा जाहीर पल्ला १४५ किलोमीटर आहे, आणि त्याचे अवशेष मे २०२५ मध्ये पंजाबातील होशियारपूरजवळ सापडले. शिवाय एवढ्या अंतरावर कोण आधी कोणाला पाहतो, हा प्रश्न क्षेपणास्त्राच्याही आधी येतो आणि त्याचे उत्तर रडारवर आणि मागे उडणाऱ्या टेहळणी विमानावर अवलंबून असते.

मे २०२५ च्या त्या संघर्षात आपलीही विमाने गेल्याचे संरक्षणप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे २०२५ रोजी सिंगापूरमध्ये मान्य केले. किती गेली यापेक्षा ती का गेली हे महत्त्वाचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता, आणि डावपेचांतील चूक सुधारून पुन्हा मारा केल्याचेही त्यांनी सांगितले. १० मे रोजी पाकिस्तानातील रफीकी, मुरीद, चकलाला, सुक्कुर अशा हवाई तळांवर विमानांतून डागलेल्या अचूक शस्त्रांनी हल्ले झाले.

साधे बॉम्ब स्वस्त असताना महागडी क्षेपणास्त्रे कशासाठी?

साध्या बॉम्बसाठी विमानाला लक्ष्याच्या जवळजवळ डोक्यावर जावे लागते. शत्रूची विमानभेदी यंत्रणा शाबूत असेल, तर त्या प्रवासात विमान आणि वैमानिक दोन्ही गमावण्याचा धोका असतो. स्काल्पचा पल्ला अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे; ते आपल्या हद्दीतूनच डागता येते. हॅमर हे साध्या बॉम्बला जोडायचे यंत्र असून ते मधल्या अंतरासाठी आहे. शत्रूची विमानभेदी यंत्रणा निकामी झाल्यावर, म्हणजे युद्ध लांबल्यावर, साधे बॉम्ब पुन्हा उपयोगाचे ठरतात, आणि तेव्हा त्यांची संख्याही लागते. दोन्हींचा साठा लागतो. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

मग सरकार विमानांचा नेमका भार का सांगत नाही?

अनेकांना ही लपवाछपवी वाटते. पण भार कळला की बाकी बरेच कळते. किती टाक्या होत्या यावरून विमान किती दूरवरून आले ते काढता येते, कोणते बॉम्ब होते यावरून पुढचे लक्ष्य कोणत्या प्रकारचे असेल याचा अंदाज येतो, आणि एखाद्या शस्त्राचा साठा किती उरला तेही मोजता येते. त्यामुळे कोणताही देश हे तपशील स्वखुशीने देत नाही.

तरीही अवशेष बोलतात. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, पाकिस्तानी विमाने जम्मू-काश्मीरवर चालून आली, तेव्हा आपण एफ-१६ वापरलेच नाही, असे पाकिस्तानने सांगितले. २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी दिल्लीत तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांसमोर धातूचा एक तुकडा ठेवला. तो आम्राम या अमेरिकी क्षेपणास्त्राचा होता आणि त्यावर कराराचा क्रमांक छापलेला होता. पाकिस्तानच्या ताफ्यात चिनी आणि फ्रेंच विमाने पुष्कळ होती, परंतु आम्रामशी जुळणी झालेले विमान त्यांच्याकडे एकच होते, आणि ते एफ-१६.